वाकलेले हिरे

सुरतेच्या महिधरपुरा भागात हिऱ्यांचा बाजार रस्त्यावरच भरतो. स्कूटरच्या सीटवर, दुकानाच्या पायरीवर कागदाच्या पुड्या उघडतात, चिमट्याने एकेक नग उचलला जातो आणि डोळ्याला भिंग लावून पारखला जातो. या पारखीत रंगाला मोठा मान. बिनरंगी म्हणजे 'पांढरा' माल एका बाजूला, पिवळसर झाकेचा दुसऱ्या बाजूला आणि ब्राऊन तिसऱ्या. ब्राऊनमध्येही पुन्हा पायऱ्या आहेत. टीटीएलबी, टीएलबी, एलबी ही बाजारातली नावं फिक्या तपकिरी छटांची. तपकिरी जसा गडद होत जातो, तसा भाव उतरत जातो.

हिऱ्याला पिवळा रंग येतो नायट्रोजनमुळे, निळा येतो बोरॉनमुळे. तपकिरी रंगाला मात्र बहुतेक वेळा कुठलंच परकं मूलद्रव्य कारण नसतं. निव्वळ कार्बनचा, रासायनिकदृष्ट्या अत्यंत शुद्ध हिराही तपकिरी असू शकतो. तो रंग आलेला असतो वाकण्यातून. जमिनीखाली दीड-दोनशे किलोमीटरवर, ज्या खडकात तो हिरा बसला होता तो खडक न वितळता, घनरूपातच सरकला, ताणला गेला, आणि त्याच्यासोबत जगातल्या सर्वांत कठीण खनिजालाही आपला आकार सोडावा लागला. बाजारात भाव पाडणारा हा रंग म्हणजे त्या हालचालीची नोंद आहे. अशा नोंदी जितक्या संख्येने सुरतेच्या हातांखालून गेल्या, तितक्या जगातल्या दुसऱ्या कुठल्याही शहराच्या हातांखालून गेल्या नसतील. त्या कशा वाचायच्या, हे आपण या प्रकरणात पाहू.

खडक वाकतो हे महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला पटणं जरा अवघड जातं, कारण आपल्या नजरेसमोरचा खडक वाकलेला नाही. सह्याद्रीचा बेसाल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर चढून तयार झाला आणि बहुतेक ठिकाणी ते थर आजही जवळजवळ आडवेच आहेत. सुरतेच्या पूर्वेला डांगच्या डोंगरांत गेलं तरी हाच कातळ भेटतो. थंड होताना त्याला भेगा पडल्या, पावसाळ्यात त्याच्या दरडी कोसळतात, सुरुंग लावला की त्याचे तुकडे उडतात. खडक म्हणजे फुटणारी वस्तू, ही समजूत आपण इथूनच घेतो.

ही समजूत बदलायची असेल तर नागपूरच्या पुढे, रामटेकजवळच्या मनसर-कांद्रीच्या मँगनीज खाणींच्या पट्ट्यात जावं. सौसर गट म्हणून ओळखले जाणारे हे खडक अतिप्राचीन आहेत. चिखल, चुना आणि मँगनीजयुक्त गाळ म्हणून ते समुद्रतळाशी साचले, मग कवचात खोल गाडले गेले, तापले, दाबले गेले आणि त्यांचे शिस्ट, संगमरवर आणि मँगनीजचे धातुपाषाण झाले. तिथे थर स्वतःवरच दुमडलेले दिसतात, कधी एकदा, कधी दोनदा, आणि घडीच्या बाकावर हात फिरवला तरी भेग लागत नाही. एवढा मोठा थर न फुटता वळला, म्हणजे वळताना तो फुटण्याच्या परिस्थितीत नव्हता.

ती परिस्थिती नेमकी कोणती, हे प्रयोगशाळेत दाखवणाऱ्यांत एक मोठं नाव थिओडोर फॉन कार्मान यांचं. पुढे विमानशास्त्रात त्यांची कीर्ती झाली, पण १९११ साली त्यांनी कारारा संगमरवराच्या छोट्या दंडगोलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. उघड्यावर दाबला तर संगमरवर तडकतो. कार्मान यांनी तो द्रवाने भरलेल्या पोलादी पात्रात ठेवला, द्रवाचा दाब हजारो वातावरणांपर्यंत नेला आणि मग वरून रेटा दिला. दंडगोल तडकला नाही; मध्ये फुगला, आखूड आणि जाड झाला. तेही साध्या तापमानाला.

चहूबाजूंनी येणारा दाब भेग उघडू देत नाही. भेग म्हणजे दोन पृष्ठभागांमध्ये तयार होणारी जागा, आणि ती जागा करायला दाबाविरुद्ध ढकलावं लागतं. खोलवर ते परवडत नाही. मग खडक दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट मोकळी करण्याचं काम तापमान करतं.

ही वाट समजण्यासाठी सुरत-मुंबई फ्लाइंग राणीतलं गच्च भरलेलं बाक डोळ्यांसमोर आणावं. टोकाला एकाला बसायचंय. सगळ्या बाकाने एकदम उठून सरकायचं म्हटलं तर कुणी ऐकणार नाही. पण टोकाचा माणूस वीतभर सरकतो, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या पलीकडचा. ती अडचण एकेका माणसातून पुढे जात खिडकीपर्यंत पोहोचते आणि शेवटी अख्खी रांग थोडी सरकलेली असते. स्फटिकात अणूंच्या रांगा अशाच सरकतात. एका पातळीवरचे सगळे बंध एकदम तोडायला लागणारं बळ प्रचंड असतं. पण स्फटिकात एखादी रांग अर्धवटच भरलेली असेल, तर तो दोष एकेक बंध सोडत आणि पलीकडचा जोडत स्फटिकातून प्रवास करू शकतो. या रेषेसारख्या दोषाला विस्थापन म्हणतात. विस्थापन एका कडेपासून दुसऱ्या कडेला गेलं की स्फटिकाचा वरचा भाग खालच्या भागावर एका अणूच्या अंतराने घसरलेला असतो. अशी अब्जावधी विस्थापनं चालली की खनिजाचा कण लांबतो, चपटा होतो आणि तरीही अखंड राहतो. प्रत्येक बंध सुटायला लागणारी हालचाल अणूंना उष्णतेतून मिळते.

प्रत्येक खनिजाचं हे वाट मोकळी होण्याचं तापमान वेगळं. क्वार्ट्‌झ साधारण ३०० अंश सेल्सियसला सैलावतो, फेल्डस्पारला ४५० ते ५०० अंश लागतात, कवचाखालच्या प्रावरणातल्या ऑलिव्हिन या खनिजाला त्याहून बरंच जास्त. खंडांच्या कवचात दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश तापमान वाढतं, म्हणजे दहा-बारा किलोमीटर खाली क्वार्ट्‌झयुक्त खडक फुटण्याऐवजी वाहायला लागतात. खंडांवरचे बहुतेक भूकंप कवचाच्या वरच्या भागातच का होतात, याचं मुख्य उत्तर हेच. आपल्या कोयना-वारणा पट्ट्यातले बहुतेक भूकंपही दहा किलोमीटरच्या आतलेच आहेत. फुटायचं तर थंड असावं लागतं.

'वाहणं' या शब्दाने लाव्ह्याचं चित्र उभं राहतं, ते मनातून काढून टाकायला हवं. प्रावरण घन आहे; भूकंपाच्या आडव्या लहरी त्यातून आरपार जातात, आणि त्या द्रवातून जाऊच शकत नाहीत. प्रावरणाच्या खडकाचं ताणलं जाणं इतकं संथ असतं की एक मीटरचा तुकडा शंभर वर्षांत जेमतेम ०.०३ मिलिमीटर लांबेल. हाच वेग तीसेक लाख वर्षं टिकला तर त्याच तुकड्याची लांबी दुपटीच्या घरात जाते. भूशास्त्रात तीस लाख वर्षं हा थोडका काळ.

आता हिरा. निसर्गातले बहुतेक हिरे जुन्या खंडांच्या जाड मुळांमध्ये, साधारण १४० ते २०० किलोमीटर खोलीवर तयार झाले. तिथला दाब ४५ ते ६० हजार वातावरणांचा, तापमान ९०० ते १३०० अंशांचं. भोवती ऑलिव्हिन, पायरॉक्सिन, गार्नेट यांचा खडक. या मुळांच्या तळाशी आणि खंड एकमेकांवर आदळतात तिथे हा खडक ताणला जातो, आणि त्यात अडकलेल्या हिऱ्यावरही ताण येतो. साध्या तापमानाला हिरा ठिसूळ आहे; हातोडीच्या एका घावाने तो फुटतो. पण हजार अंशांच्या आसपास आणि वर, चहूबाजूंचा दाब असताना, हिऱ्यातही विस्थापनं चालू लागतात. ती चालतात हिऱ्याच्या आठ-पृष्ठी स्फटिकाच्या, म्हणजे अष्टफलकाच्या पातळ्यांवरून. पैलूगारांना या पातळ्या पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहेत, कारण हिरा चिरायचा तो याच पातळ्यांवर. वर, थंडीत, ज्या दिशेने हिरा फुटतो, त्याच दिशेने खाली तो घसरतो.

घसरणाऱ्या अणूंच्या मागे काही जागा रिकाम्या राहतात. अशा चाळीस-साठ रिकाम्या जागा एकत्र आल्या की त्यांचा पुंजका तयार होतो, आणि हे पुंजके प्रकाश शोषतात. निळ्याकडचा जास्त, तांबड्याकडचा कमी. डोळ्याला दिसतो तो तपकिरी. बराच काळ असं मानलं जात होतं की विस्थापनंच थेट रंग देतात. २००० नंतरच्या दशकात पॉझिट्रॉनच्या प्रयोगांनी हे चित्र बदललं. पॉझिट्रॉन हा इलेक्ट्रॉनचा प्रतिकण. स्फटिकात सोडला की इलेक्ट्रॉनला भेटून तो क्षणात नष्ट होतो, पण रिकाम्या जागेत अडकला तर तिथे इलेक्ट्रॉन विरळ असल्यामुळे थोडा जास्त जगतो. तपकिरी हिऱ्यांमध्ये पॉझिट्रॉन जास्त काळ जगले. एका कणाच्या आयुष्याच्या फरकावरून हिऱ्यातली पोकळी मोजणं, हा मला या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो.

अशा हिऱ्यांची सर्वांत मोठी खाण होती पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातली आर्गाइल. खोलवरचा शिलारस हिऱ्यांना घेऊन ज्या वाटेने वर आला, ती ही नळी १९७९ साली सापडली. ओढ्यांतल्या गाळातून १९८३ पासून आणि मुख्य नळीतून १९८५ पासून उत्पादन सुरू झालं, आणि १९९० च्या दशकात एका वर्षात चार कोटी कॅरेटांहून जास्त हिरे तिथून निघत होते. नोव्हेंबर २०२० मध्ये खाण बंद झाली तोवर ८६.५ कोटी कॅरेटांहून अधिक माल निघाला होता. त्यातला बहुतांश तपकिरी, आणि आकाराने बारीक.

अशा मालाचं करायचं काय? मजुरी महाग असलेल्या देशांत तो घासणं परवडत नव्हतं. त्यातला मोठा हिस्सा औद्योगिक कामाला जायचा. सुरतेने तो दागिन्यात आणला. भावनगर, अमरेली आणि सौराष्ट्राच्या इतर भागांतून आलेली माणसं वराछा, कतारगामच्या कारखान्यांत 'घंटी' म्हणतात त्या फिरत्या चकतीभोवती चार-चार जण बसून मोहरीएवढ्या खड्यांना पैलू पाडू लागली. आर्गाइलच्या मालाने या शहराला कित्येक वर्षं काम दिलं, आणि १९९४ साली खाण आणि भारतीय व्यापारी यांना जोडणारी इंडो-आर्गाइल डायमंड कौन्सिल उभी राहिली. 'शॅम्पेन' आणि 'कॉन्यॅक' या नावांनी तपकिरी हिरा पाश्चात्त्य दुकानांत मिरवला, तो बहुतेक सुरतेत घासलेला होता. हिऱ्यांच्या इतिहासात खाणमालक आणि राजेरजवाड्यांची नावं नोंदली जातात. घंटीवर बसणाऱ्या रत्नकलाकारांचा वाटा त्यात मला नेहमी कमी पडलेला दिसतो.

आर्गाइलचेच हिरे इतके वाकलेले का? बहुतेक हिऱ्यांच्या नळ्या जुन्या, स्थिर खंडांच्या मधल्या भागात असतात. आर्गाइल आहे काठावर, किंबर्लीचं जुनं खंड आणि उत्तर ऑस्ट्रेलियाचा उरलेला भाग जिथे १८० कोटी वर्षांपूर्वी एकमेकांवर आदळले त्या सांध्यावर. पर्थच्या कर्टिन विद्यापीठातले ह्यूगो ओलिरूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ साली या नळीचं वय नव्याने मोजलं, ते १३० कोटी वर्षं निघालं. त्या सुमारास नूना नावाचं महाखंड फुटत होतं. त्यांच्या मांडणीनुसार टकरीने खोलवरचे हिरे वाकवले, आणि महाखंड फुटताना जुना सांधा पुन्हा ताणला जाऊन लॅम्प्रोइट नावाच्या खडकाचा शिलारस त्यांना घेऊन वर आला. हा प्रवास वेगाने व्हावा लागतो. रेंगाळला तर हिरा वाटेतच ग्रॅफाइट होतो किंवा विरघळतो.

याच खाणीतून जगातले बहुतेक गुलाबी हिरेही आले. उत्पादनात त्यांचं प्रमाण एका टक्क्याहूनही कमी, आणि लिलावात तपकिरी हिऱ्याच्या कित्येक पट भाव. तरीही गुलाबी आणि तपकिरी एकाच घराण्यातले आहेत. दोघांचा जन्म वाकण्यातूनच. गुलाबी हिरा भिंगाखाली धरला तर पुष्कळदा रंग सगळीकडे सारखा नसतो. अष्टफलकाच्या पातळ्यांना समांतर अशा पातळ पट्ट्यांमध्ये तो एकवटलेला दिसतो, आणि पट्ट्यांच्या मधला भाग जवळजवळ बिनरंगी असतो. स्फटिक जिथे घसरला, तिथेच रंग. ५५० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषला गेल्यामुळे हा गुलाबी दिसतो, पण अणूंची कोणती रचना तो शोषते याचं उत्तर विज्ञानाला अजून मिळालेलं नाही.

गोवळकोंड्याच्या हिऱ्यांतही हा गुलाबी होता. तव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेच्या बंदरातून वारंवार हिंदुस्थानात आला-गेला. १६४२ साली त्याने गोवळकोंड्यात एक चपटा, थोराड हिरा पाहिला, २४२ कॅरेटांचा. इराणच्या राजरत्नांतला गुलाबी दर्या-ए-नूर हा त्याचाच तुकडा आहे, असं १९६० च्या दशकात ती रत्नं तपासणाऱ्या कॅनडाच्या तज्ज्ञांनी ठरवलं. दक्षिणेतल्या खाणींतून मुघल बंदराकडे जाणाऱ्या त्या वाटेवरच्या मालात वाकलेले हिरे तेव्हाही होते.

रंगाखेरीज आणखी एका खुणेवरून वाकणं ओळखता येतं. आदर्श हिरा सगळ्या दिशांनी प्रकाशाला सारखाच वागवतो. त्यामुळे एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवण-काचांमध्ये तो ठेवला तर अंधारच दिसायला हवा. प्रत्यक्षात बहुतेक हिरे उजळतात, कारण आतली जाळी कुठेतरी ओढलेली, चेपलेली असते. १९४० च्या दशकात बंगळुरूत सी. व्ही. रामन यांनी हिऱ्यांचा संग्रह जमवून त्यांच्या प्रकाशगुणांचा पद्धतशीर अभ्यास केला. १९४४ साली त्यांनी आणि जी. आर. रेंडाल यांनी हिऱ्यातल्या या उजळण्याच्या, म्हणजे द्विअपवर्तनाच्या आकृत्यांवर निबंध लिहिला. नायट्रोजन जवळजवळ नसलेल्या, टू-ए प्रकारच्या हिऱ्यात, म्हणजे कोहिनूरच्या जातीत, या आकृत्या विशेष सुंदर दिसतात. दोन-तीन दिशांनी एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी असते, आणि प्रत्येक रेघ म्हणजे घसरणीचा एक पट्टा.

सुरतेच्या कारखान्यांत या गोष्टीची किंमत रोकडी मोजावी लागते. कच्च्या हिऱ्यात 'टेन्शन' असेल तर लेसरने कापताना किंवा चकतीवर तापल्यावर तो मधूनच तडकतो आणि मोठ्या वजनाच्या खड्याचे क्षणात दोन स्वस्त खडे होतात. म्हणून महाग कच्चा माल कापण्याआधी ध्रुवण-काचांखाली पाहिला जातो. घासणाऱ्याच्या बोटांनाही हे कळतं. हिरा सगळ्या दिशांनी सारखा कठीण नसतो; अष्टफलकाच्या पातळीला समांतर घासायला गेलं तर तो जवळजवळ दाद देत नाही, थोडी दिशा बदलली की उतरू लागतो. वाकलेल्या हिऱ्यात ही दिशा एकाच पैलूवर मध्येच बदलते. आर्गाइलचा माल घासायला चिवट, ही त्याची ख्याती याच कारणाने झाली.

मार्च १९९९ मध्ये हिऱ्यांच्या जगाला मोठा धक्का बसला. अमेरिकेची जनरल इलेक्ट्रिक आणि लझार कॅप्लान या कंपन्यांनी जाहीर केलं की त्या तपकिरी हिऱ्याचा रंग घालवून तो बिनरंगी करू शकतात. १९५४ साली याच जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांनी दाबयंत्रात हिरा बनवला होता. आता तसंच यंत्र नैसर्गिक हिऱ्यावर चाललं. सुमारे ६० हजार वातावरणांचा दाब, दोन हजार अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापमान, आणि वेळ काही मिनिटांचा. या तापमानाला रिकाम्या जागांचे पुंजके विखुरतात आणि त्यांच्यासोबत रंगही जातो. दाब नसता तर हिऱ्याचं ग्रॅफाइट झालं असतं. सगळ्या तपकिरी हिऱ्यांवर हे चालत नाही. नायट्रोजन असलेला हिरा पांढरा होण्याऐवजी हिरवट-पिवळा होतो, आणि आर्गाइलचा बहुतेक माल तसाच आहे. खरा फायदा होतो तो टू-ए प्रकाराचा, आणि तो शेकड्यात एखाद-दुसराच.

अशी दाबयंत्रं आज सुरतेतही आहेत. सहा बाजूंनी सहा ऐरणी मधल्या छोट्या घनावर दाब देतात, आणि प्रावरणाच्या खोलीवरची परिस्थिती औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये तयार होते. त्यांच्या जोडीला सीव्हीडी पद्धतीची यंत्रं आहेत. त्यांत वातावरणापेक्षाही कमी दाबाच्या वायूतून कार्बनचा एकेक थर साचवून हिरा वाढवतात. सीव्हीडीचा हिराही पुष्कळदा तपकिरी निघतो. त्यातल्या पोकळ्या भरभर वाढताना राहून गेलेल्या असतात, वाकण्याशी त्यांचा संबंध नसतो. रंग काढण्यासाठी मात्र त्यालाही बहुतेक वेळा दाबयंत्रातून जावं लागतं.

दाबयंत्रातून रंग जातो, वाकणं जात नाही. पुंजके विखुरले तरी विस्थापनांचं जाळं बरंचसं तसंच राहतं, आणि ध्रुवण-काचांखाली ती छेदणाऱ्या रेषांची जाळी पुन्हा दिसते. प्रयोगशाळेत दाबाखाली वाढवलेल्या हिऱ्याला कधी ओढाताण सोसावी लागलेली नसते, म्हणून तो त्याच काचांखाली जवळजवळ काळाच राहतो. सीव्हीडीच्या हिऱ्यात वाढीच्या दिशेने जाणारे उभे पट्टे दिसतात. तपासणीत याखेरीज वर्णपट आणि दीप्तीच्याही चाचण्या असतात, पण ही सर्वांत साधी; दोन काचा आणि एक दिवा एवढंच लागतं. सुरतेत नैसर्गिक आणि प्रयोगशाळेतला माल आज शेजारी शेजारी घासला जातो, आणि त्यांची सरमिसळ झाल्याचा संशय आला की बिनरंगी टू-ए खड्याच्या बाबतीत पारखणारा आधी हेच शोधतो, की हा खडा कधी वाकला होता का.